पोक ओळखणारी बंडी: कापडात ऑप्टिकल फायबरचा सेन्सर कसा बसवावा

गणपतीच्या चवथीच्या आधीचे तीन आठवडे गोव्यात साखळीला माझ्या मावशीच्या शिवणाच्या दुकानात मशीन थांबत नाही. ब्लाऊज, परकर, मुलींचे फ्रॉक, आणि प्रत्येकीला ते आदल्या दिवसापर्यंत हवे असतात. मावशी सकाळी बसते ती पोक काढून, आणि रात्री उठताना तिचा एक हात कमरेवर असतो, एक मानेवर. "सरळ बस गं" असे मी फोनवरून किती वेळा सांगणार? हातातल्या कामात जीव रमला की पाठीचे भान राहत नाही, हे तिलाही कळते. मी फोंड्याला मुलांची इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिके घेते. पाठीचे हे भान कापडालाच देता येईल का, ते तिच्यासाठी करून पाहायचे ठरवले.

तीन बंड्या उसवल्या, चौथी जमली. या कामातला प्रकाशाचा भाग पुस्तकात सापडतो. कपड्याचा भाग सहसा सापडत नाही, आणि काम अडते ते तिथेच. म्हणून या लेखात सोल्डरिंगपेक्षा शिवणाला जास्त जागा दिली आहे.

आधी ठरवा, मोजायचे काय

मोबाइलमध्ये असतो तसा झुकाव-सेन्सर पाठीवर लावला तर धड किती अंशांनी पुढे झुकले ते कळते. तेवढेच हवे असेल तर तोच घ्या. तो स्वस्त आहे आणि त्यात शिवणाची कटकट नाही. पण मावशी कापड ओढायला पुढे झुकते तेव्हा तिचा कणा सरळ असू शकतो, आणि सुईत दोरा ओवताना धड उभे असूनही पाठीची कमान होते. झुकाव आणि बाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा तंतू, बाक मोजतो. शिवाय पाठीवरून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो. त्यामुळे मशीनच्या मोटरचा गोंगाट संकेतात मिसळत नाही आणि घामाने शॉर्ट होण्याची भीती पाठीपुरती संपते.

ही कल्पना नवी नाही. बोटांचा बाक प्रकाशाने मोजणाऱ्या हातमोज्यासाठीच्या सेन्सरचे पेटंट थॉमस झिमरमन यांना 1985 साली मिळाले. त्याआधी, 1954 मध्ये, पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले होते. आपण त्याच वाटेवर, घरच्या साधनांनी चालणार आहोत.

काच नको, प्लॅस्टिक घ्या

संशोधक काचेच्या फायबरवर ब्रॅग जाळी, म्हणजे एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवणारी बारीक रचना, कोरून वापरतात. ताण आला की तिच्याकडून परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते. 1550 नॅनोमीटरच्या आसपास एक मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग वाढीला) साधारण 1.2 पिकोमीटर, आणि एक अंश तापमानाला सुमारे 10 पिकोमीटर. मोजमाप फार नाजूक आणि सुंदर आहे, पण ते वाचणारे यंत्र घरगुती खर्चात बसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उघडा काचतंतू शिवणात तुटला तर त्याचे कण कातडीत शिरतात. अंगावरच्या कपड्यात हा धोका मी पत्करणार नाही.

आपल्याला हवा पीएमएमए, म्हणजे अॅक्रिलिक प्लॅस्टिकचा फायबर. चांदण्यांच्या छतासाठी जो विकतात तोच, टोकाला उजेड देणारा, 0.75 मिलिमीटर जाडीचा. एक मिलिमीटरचा फायबर हाताळायला सोपा असतो, पण कापडात काडीसारखा टोचतो. गाभ्याचा अपवर्तनांक 1.49 आणि वरच्या पातळ आवरणाचा साधारण 1.40 असतो. या फरकामुळे लंबापासून सुमारे 70 अंशांपेक्षा जास्त कोनात भिंतीवर आदळणारा प्रकाश आतच परततो. फायबर वाकला की काही किरणांचा कोन कमी पडतो आणि ते बाहेर निसटतात. टोकाला पोचणारा प्रकाश घटला, म्हणजे बाक वाढला.

इथे माझी पहिली बंडी फसली. थोडे गणित करा. मोठ्या माणसाच्या छातीमागचा कणा 28 सेंटिमीटर धरला आणि त्याची कमान 40 अंश, तर त्या कमानीची त्रिज्या 40 सेंटिमीटर येते. पोक काढून ती कमान 55 अंश झाली तर त्रिज्या सुमारे 29. साध्या फायबरमधून प्रकाश नजरेत भरेल इतका निसटायला त्रिज्या काही सेंटिमीटरवर यावी लागते. पाठ कधीच इतकी वाकत नाही. मावशी पोक काढून तासभर बसली आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलला नाही. पाठीवर लावण्याआधी फायबरची एक बाजू मुद्दाम अशक्त करावी लागते.

जमवायचे सामान

0.75 मिलिमीटरचा फायबर, सुमारे चार मीटर. 5 मिलिमीटरची चांगली उजळ लाल एलईडी, 650 नॅनोमीटरच्या आसपासची, कारण त्या रंगाला पीएमएमए बऱ्यापैकी पारदर्शक असतो. प्रकाश ओळखणारे दोन फोटोट्रान्झिस्टर, काही रेझिस्टर, ईएसपी32 हा छोटा संगणक-बोर्ड, जमल्यास एडीएस1115 हे 16 बिटांचे एडीसी (विजेच्या दाबाचा आकडा करणारी चिप). छोटी लिथियम बॅटरी आणि मोबाइलमधली असते तशी कंप देणारी मोटर. सावकाश घट्ट होणारा पारदर्शक इपॉक्सी, काळा न्यूट्रल सिलिकॉन, 400 ते 2000 नंबरचे पॉलिश पेपर, नवे ब्लेड.

शिंप्याकडून हवे ते असे: लायक्रा मिसळलेले सुती होजिअरी कापड, 12 मिलिमीटर रुंदीची सपाट सुती नाडी, बकरमचा तुकडा आणि मऊ अस्तर.

दोन गोष्टी लांब ठेवा. झटपट चिकटवणारा सुपरग्लू आणि स्पिरिट. ताणाखालच्या अॅक्रिलिकला दोन्हींमुळे बारीक तडे जाऊ शकतात. हात सॅनिटायझरने पुसून फायबर धरण्याची सवयही मोडा.

फायबर तयार करणे

प्रत्येकी 130 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. नव्या ब्लेडने, काटकोनात, एकाच दाबात. मग टोक ओल्या पॉलिश पेपरवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवा, आधी 600, मग 1000, शेवटी 2000 नंबरवर. टोक उजेडाकडे धरून पाहा. काठ सारखा चमकला की झाले.

दोन्ही फायबर अगदी सारखे ठेवायचे, पण एकच घासायचा. घासलेला मोजतो, न घासलेला साक्षीदार राहतो. एलईडी तापली, बॅटरी उतरली, वळणावर थोडा प्रकाश गेला, तरी दोघांवर परिणाम सारखाच होतो आणि भागाकारात निघून जातो. साधा फायबर पाठीच्या बाकाला दाद देत नाही ही मगाशी अडचण होती. साक्षीदारासाठी तीच सोय होते.

घासण्यासाठी लाकडाच्या पट्टीत फायबर निम्मा बुडेल अशी खाच करा आणि दोन्ही टोके चिकटपट्टीने धरा. एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला फोटोट्रान्झिस्टर जोडून आकडा डोळ्यांसमोर ठेवा. आता 400 नंबरच्या पेपरने 12 सेंटिमीटर लांबीत एकाच बाजूने, हलक्या हाताने घासा. 0.15 मिलिमीटर खोल गेलात की वरची सपाट पट्टी 0.6 मिलिमीटर रुंद दिसते. खोली मोजण्यापेक्षा ही रुंदी भिंगाखाली पाहणे सोपे. मी मूळच्या प्रकाशातला तिसरा हिस्सा कमी झाला की थांबते. घासलेला भाग गुळगुळीत करू नका, तो खरखरीतच हवा. डोळ्यांवर चष्मा घाला आणि भुकटी ओल्या फडक्याने पुसा.

घासलेली बाजू कमानीच्या बाहेरच्या अंगाला असली तर बाक वाढताना प्रकाश घटतो, आतल्या अंगाला असली तर वाढतो. पोक काढली की पाठीची बाहेरची बाजू फुगते, तेव्हा घासलेली बाजू अंगापासून दूर, बाहेर बघणारी हवी.

उघड्या गाभ्यावर काळ्या सिलिकॉनचा पातळ थर द्या. घामाचा अपवर्तनांक हवेपेक्षा वेगळा असतो. तो उघड्या भागाला लागला तर बाक न बदलताही आकडा सरकतो. सिलिकॉनमुळे संवेदनशीलता काहीशी घटते, म्हणून मोजणीचे सगळे आकडे थर वाळल्यावरच घ्या.

सायकलच्या चाकावर परीक्षा

अंगावर चढवण्याआधी घरातल्या गोल वस्तूंवर फायबर तपासा. सायकलचे चाक, स्कूटरचे चाक, आंघोळीची बादली, मोठे पातेले. प्रत्येकाचा घेर टेपने मोजून 6.28 ने भागा, त्रिज्या मिळेल. सायकलचे मोठे चाक 33 सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ पोक काढलेल्या पाठीइतकेच. फायबर सपाट मेजावर ठेवून एक आकडा घ्या, मग प्रत्येक वस्तूवर घासलेली बाजू बाहेर ठेवून. घासलेल्याचा आकडा भागिले साक्षीदाराचा आकडा, हे गुणोत्तर वहीत लिहा. त्रिज्या लहान होईल तसे ते ओळीने उतरायला हवे. मेज आणि सायकलचे चाक यांत स्पष्ट फरक दिसत नसेल तर फायबर अजून थोडा घासा. पुढचे शिवण त्यानंतरच.

बादलीपेक्षा लहान वस्तूवर घासलेला भाग गुंडाळू नका, तो तिथे कमजोर झालेला असतो.

नेफा: या सगळ्याचा जीव

दुसऱ्या बंडीत मी फायबर कापडावर ठेवून वरून आडवे टाके घालत गेले. दिसायला सुंदर. मावशीने वाकून खाली पडलेली कात्री उचलली आणि दोन टाके उसवले, फायबर मध्येच दुमडला. तिने बंडी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "नाडी कापडाला शिवून टाकतं का गं कुणी?"

तिच्या त्या एका वाक्यात उत्तर होते. माणूस वाकतो तेव्हा पाठीची कातडी लांब होते. फिजिओथेरपिस्ट ज्याला शोबर चाचणी म्हणतात तिच्या सुधारित पद्धतीत कमरेवर उभ्या रेषेत 15 सेंटिमीटरवर दोन खुणा करतात. निरोगी माणूस पूर्ण वाकला की तेच अंतर 20 किंवा त्याहून जास्त भरते. पंधरात पाच सेंटिमीटर! होजिअरी कापड तेवढे ताणते, अॅक्रिलिक ताणत नाही. दोन्ही टोकांना बांधलेला फायबर एकतर कापड ओढतो, नाहीतर तुटतो. परकराची नाडी नेफ्यात सरकते तसा तो सरकायला हवा: एक टोक पक्के, बाकी मोकळे.

मग तिसरी बंडी कशाने फसली? मी गोल नेफ्यात नुसता फायबर ओवला. तो सरकला खरा, पण सरकताना स्वतःभोवती फिरलाही, आणि घासलेली बाजू कधी बाहेर, कधी कुशीला. सकाळी पोक म्हणजे घट, दुपारी काहीच नाही. यावर तोडगा सपाट नाडीचा. घासलेला आणि साक्षीदार, दोन्ही फायबर सपाट नाडीवर शेजारी शेजारी ठेवा. दर दोन सेंटिमीटरला हाताने सैल फास टाका आणि घासलेल्या भागात सिलिकॉनचे बारीक ठिपके देऊन चिकटवा, घासलेली बाजू वर राहील अशी. मशीनची सुई फायबरजवळ नेऊच नका. सपाट नाडी सपाट नेफ्यात सरकते, फिरत नाही.

नेफा बंडीच्या आत नव्हे, बाहेरच्या बाजूने शिवा आणि आत अस्तर द्या. नाडी 12 मिलिमीटरची, म्हणून नेफा 15 चा. कापड ताणून धरून लवचीक झिगझॅग टीप मारा, साधी टीप पहिल्याच वाकण्यात तटकते.

पाठीवर जागा

मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका उठून दिसतो तो मानेचा सातवा. तिथे वरची खूण. हात सैल सोडून उभे राहिल्यावर खवाट्याच्या खालच्या टोकाची पातळी साधारण सातव्या पाठमणक्याची असते. 12 सेंटिमीटरचा घासलेला पट्टा या दोन खुणांच्या मध्ये येऊ द्या. कण्याच्या बरोबर वर नेफा ठेवू नका, खुर्चीला टेकताना हाडावर टोचतो. अडीच सेंटिमीटर डावीकडून वर जाऊ द्या, मानेखाली वळवा, आणि तेवढेच उजवीकडून खाली उतरवा. या वळणाची त्रिज्या मग अडीच सेंटिमीटर मिळते. हे वळण बकरमच्या तुकड्यावर पक्के शिवा, म्हणजे त्याचा आकार बदलणार नाही. तेच फायबरचे बांधलेले टोक. खालची दोन्ही टोके कमरेपाशी मोकळी सोडा, इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीपर्यंत जाताना सहा-सात सेंटिमीटर ढील ठेवा.

बंडी अंगाला चोपून बसायला हवी. सैल टी-शर्ट पाठीपासून सुटतो आणि सेन्सर पाठीचा नव्हे, टी-शर्टचा बाक सांगतो. आपल्याकडच्या बाईच्या कपड्यांत मापाने सर्वांत नेमका असतो तो ब्लाऊज, आणि फक्त वरच्या पाठीपुरते मोजायचे तर नेफा मावशीने थेट ब्लाऊजच्या पाठीवर बसवून दाखवला. तो बंडीपेक्षा कमी हलतो.

पेटी आणि प्रकाश

एलईडीचा घुमट कानशीने सपाट करून पॉलिश करा. दोन्ही फायबरांची टोके जुडीने त्यावर टेकवून इपॉक्सीने बसवा, म्हणजे उगम एकच राहतो. बाहेर पडणारी टोके दोन स्वतंत्र फोटोट्रान्झिस्टरांना द्या. जोडांवर काळी नळी सरकवा. आकसणारी नळी वापरत असाल तर ती तापवू नका, त्या उष्णतेत फायबर वितळून आखडतो. चिकटवूनच बसवा.

ईएसपी32 चे आतले एडीसी दोन्ही टोकांना वाकडे वाचते. ताठ बसल्यावर आकडा 4095 पैकी 2500 च्या आसपास यावा असा रेझिस्टर निवडा. 10 किलो-ओमपासून 100 किलो-ओमपर्यंत बदलून पाहा. वायफाय चालू असेल तर एडीसीच्या दुसऱ्या गटाच्या पिना काम करत नाहीत, पहिल्याच गटातल्या घ्या.

एलईडी सतत पेटती ठेवू नका. सेकंदाला दहा वेळा, दर वेळी पाच मिलिसेकंद पेटवा. पेटलेली असताना एक वाचन, विझलेली असताना एक. वजाबाकी करा. दुकानाच्या दारातून येणाऱ्या उन्हाचा वाटा असाच जातो. मग भागाकार.

अंगावर आकडे बसवणे

बंडी घालून दहा मिनिटे फिरा, कापड आणि फायबर अंगाच्या उष्णतेला येऊ द्या. मग भिंतीला पाठ लावून ताठ, स्टुलावर ताठ, नेहमीसारखे सैल, मशीनवर काम करताना, आणि मुद्दाम पूर्ण पोक, अशा पाच बैठकी करा. प्रत्येकी दहा सेकंद, आणि सगळे तीनदा. त्याच वेळी बाजूने फोटो काढा. मणक्यांच्या खुणांवर टिकल्या लावल्या तर फोटोत कमान दिसते. ड्रॉइंगची वाकणारी पट्टी मिळाली तर पाठीला लावून तिचा आकार कागदावर उतरवा, ही ताडणी फोटोपेक्षा भरवशाची.

आता पोक-अंक काढा. सध्याच्या गुणोत्तरातून ताठ बैठकीचे गुणोत्तर वजा करा, त्याला पूर्ण पोक आणि ताठ यांतल्या फरकाने भागा, शंभराने गुणा. शून्य म्हणजे या माणसाचे ताठ, शंभर म्हणजे या माणसाचा पोक. एकीचा अंक दुसरीच्या अंकाशी ताडू नका. तीन फेऱ्यांत एकाच बैठकीचा अंक दहापेक्षा जास्त हलला तर दोष आकडेमोडीत शोधू नका. नव्वद टक्के वेळा बंडी सरकलेली असते.

आकड्यांत एक हळू लाट दिसेल. तो श्वास आहे. शांत बसलेला माणूस मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. दहा सेकंदांची सरासरी घेतली की लाट सपाट होते. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मावशीला बोलावून दाखवली. आपला श्वास पडद्यावर वरखाली होताना ती बराच वेळ पाहत राहिली.

पोक-अंक 60 च्या वर गेला की लगेच मोटर थरथरवू नका. दोरा ओवायला माणूस वाकणारच. अंक सलग तीन मिनिटे वर राहिला तरच एकदा हलकी थरथर द्या. आणि एक जास्तीचा नियम घाला: अंक कितीही चांगला असो, पाठ 25 मिनिटे जवळजवळ हललीच नाही तरी थरथर द्यायची. माझ्या अनुभवात मावशीला उपयोग झाला तो याच दुसऱ्या नियमाचा. ती उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. ताठ बसूनही तासभर गोठलेली पाठ दुखतेच. आणि पाय बधिर होणे, मुंग्या येणे, रात्री झोपू न देणारी वेदना असे काही असेल तर बंडी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. हे उपकरण सवय दाखवते, आजार ओळखत नाही.

कमरेसाठी वेगळी युक्ती

कमरेला कातडीचे ताणणे मोठे असते, तेव्हा तेच मोजा. पाच सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक पट्ट्यावर न घासलेला फायबर नागमोडी ठेवा, प्रत्येक वळणाची त्रिज्या एक सेंटिमीटरच्या आसपास, आणि वळणांच्या टोकांवरच सैल टाके. इतक्या लहान वळणांतून प्रकाश मुळातच निसटत असतो. पट्टा ताणला की वळणे उघडतात आणि प्रकाश वाढतो. इथे साक्षीदार फायबर त्याच पट्ट्यावर बसत नाही, तो पेटीतच गुंडाळून ठेवा.

कुणाच्या अंगावर, कुणाच्या मर्जीने

काजूच्या कारखान्यात दिवसभर एकाच बैठकीत काजू फोडणाऱ्या बायकांना, अखंड भजनाच्या पाळीत हार्मोनियमवर बसणाऱ्यांना हा कपडा उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते. पण मालकाने तो कामगाराच्या अंगावर चढवून आकडे स्वतःकडे ठेवायचे, याला माझा ठाम विरोध आहे. कोण किती वेळा उठले याची ती हजेरी होईल. आकडे घालणाऱ्याच्याच फोनवर राहू द्या, आणि बंडी कधी काढायची ते तिने ठरवावे. स्टूल बुटके असेल, मेज उंच असेल, तर आधी ते बदला. मावशीचे स्टूल आम्ही दोन इंच उंच केले तेव्हा पहिल्याच दिवशी तिचा अंक उतरला.

घाम, पाऊस, धुणे

पीएमएमए हवेतला ओलावा थोडा शोषतो, आणि आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. म्हणून रोज सकाळी बंडी घातल्यावर ताठ बैठकीचे एक वाचन नव्याने घ्या. अर्ध्या मिनिटाचे काम, पण ते टाळले तर आठवड्याभरात अंक भरकटतात. बॅटरी कमरेच्या बाहेरच्या खिशात, घामापासून दूर ठेवा, आणि बंडी अंगावर असताना चार्ज करू नका.

धुण्याआधी पेटी काढा, बकरमवरचे चार टाके उसवा आणि नाडी नेफ्यातून ओढून घ्या. बंडी मग कुठल्याही बंडीसारखी धुता येते, उन्हात वाळवता येते. नाडीला इस्त्री नको, गरम पाणी नको. 70 अंशांच्या पुढे हा फायबर साथ देत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत पसरा. नाडीच्या टोकाला वर-खाली अशी खूण लाल दोऱ्याने घाला, नाहीतर परत ओवताना घासलेली बाजू अंगाकडे जाते आणि अंक उलटे येतात. ठेवायची झाली तर बादलीइतक्या मोठ्या घेराची वेटोळी करा. मावशी तिची नाडी शेवया वाळवायच्या सुपात ठेवते, तेवढा घेर पुरतो.